कॉलरमधली गुठळी

मामांचा पाय वाचला. हे वाक्य तुम्ही अजून वाचलेलं नाही असं धरून चालू या. कारण त्या मंगळवारी पायाला काही धोका आहे, हेच मामांना ठाऊक नव्हतं.

मामा म्हणजे गल्लीतले शिंपी. आठवड्यापूर्वी त्यांच्या डाव्या पायाचा अंगठा एकाएकी निळा पडून ठणकायला लागला. डॉक्टरांनी शिरेतून औषध सोडून स्कॅन काढायला लावला, तोही पोटाचा. "ठणका अंगठ्यात आणि फोटो पोटाचा?" मामांना कोडंच पडलं. दोन दिवसांत दुखणं थांबलं. मग फिल्म दाखवायला जातंय कोण? फिल्म मात्र झकास कडक होती. मामांनी तिचा कॉलरचा साचा कापला.

मंगळवारी ट्रायलला आलेलं गिऱ्हाईक नेमकं लोकांचे स्कॅन काढायचं काम करणारं निघालं. मामांनी साचा त्याच्या मानेला लावला. त्याने आरशात पाहिलं.

"मामा, हे पोट कुणाचं?"

"माझं. मानेला छान बसतं ना?"

त्याने साचा ट्यूबलाइटसमोर धरला. "ही पोटातली मोठी धमनी. औषधामुळे पांढरी दिसते. आत हे काळं आहे ना, ती रक्ताची गुठळी वाटते. तिचाच कण सुटून अंगठ्यात अडकला असणार. उद्या मोठा तुकडा सुटला तर पाय जाईल. दवाखान्यातून फोन नाही आला?"

"चार आले. मला वाटलं, विमेवाले."

"पण आता दुखत नाही त्यांना," काजं करता करता मामी म्हणाली.

"मामी, शिवण उसवताना ओरडते का?"

मामा गोंधळले. "गुठळी डाव्या कॉलरला की उजव्या?"

"पोटात, मामा!"

"मग तुमचा शर्ट?"

"राहू द्या. चला."

गळ्यात टेप घेऊन मामा निघाले, शेजारी एकाच बाहीच्या अर्धवट शर्टातलं गिऱ्हाईक. डॉक्टरांकडे फोटो कॉम्प्युटरवर होताच, तरी मामांनी कॉलर टेबलावर ठेवली. रक्त पातळ करणारं औषध तिथेच सुरू झालं. पुढचं पहिल्या ओळीत आहे.

तेव्हा नागरिकहो, दुखणं थांबलं म्हणजे आजार गेला असं नव्हे. अहवाल डॉक्टरांच्या नजरेखालून जाईपर्यंत तपासणी अर्धीच शिवलेली असते. मामा आता अनोळखी फोनही उचलतात. विमेवाले खूश आहेत.

दुकानात एक पाटीही लागली आहे: 'सर्व रक्ताच्या गुठळ्यांना विनंती, की जागा सोडण्यापूर्वी किमान तीन दिवस आधी लेखी कळवावे. तोंडी सूचना ग्राह्य धरली जाणार नाही.'