दाराबाहेरच्याचं बालपण

मी दाराबाहेरचा बोलतोय. नाटकात मला दुसरं नाव नव्हतं. उंचीनं हातभर, अंगावर मोडक्या छत्रीचं काळं कापड आणि कागदाच्या लगद्याचं गुळगुळीत डोकं. त्या डोक्याला डोळे नाहीत, नाक नाही, तोंडही नाही. बाहुल्यांच्या खेळातला दुष्ट तो मीच.

दोघी बहिणींनी मला घडवलं. थोरली गोष्टी लिहायची आणि पडद्यामागून सगळे आवाज काढायची. धाकटी बाहुल्या करायची आणि नाचवायची. नवऱ्याचं घर सोडून लेकीसह ती थोरलीकडे राहायला आली, तेव्हा तिनं पहिल्यांदा करायला घेतला तो मी.

"याचं तोंड कसं करायचं?" थोरलीनं विचारलं.

"नकोच. असाच राहू दे."

का, ते धाकटीनं सांगितलं नाही. थोरलीनंही खोदून विचारलं नाही.

माझा खेळ अगदी साधा. घरात एक छोटी मुलगी एकटी असते. मी येऊन दार ठोठावतो आणि गोड आवाजात म्हणतो, "उघड ना गं, मीच आहे." मुलगी कडीला हात लावते आणि प्रेक्षकांकडे बघते. पुढचं समोरच्या पोरांनी ठरवायचं. ती ओरडली नाहीत तर मी हलायचंच नाही, असा दोघींचा नियम.

एकदा पोरं अशी भेदरली की कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. मी दाराशी उभा तो उभाच. माझ्या आतला धाकटीचा हात भरून आला. शेवटी मागून एक चिरका आवाज आला, "नाही उघडणार! जा तू!" मग सगळं सभागृह किंचाळलं. तो पहिला आवाज धाकटीच्याच लेकीचा होता. सहा वर्षांची ती, घरात सगळे तिला पिल्लूच म्हणत. मी पळ काढला तेव्हा धाकटीचा हात माझ्या आत ऊबदार, हलका झाला होता. हाताचं मन बाहुलीला बरोबर कळतं.

खेळ संपला की पोरं बाकीच्या बाहुल्यांना हात लावायला यायची. मला मात्र लगेच पिशवीत टाकत. तिथून मला त्यांची भांडणं ऐकू यायची.

"तो आमच्या पोहण्याच्या सरांसारखा दिसतो."

"हॅट्! त्याला दाढी आहे. मी बघितली ना!"

"दाढीबिढी काही नाही, चष्मा आहे."

ज्याला ज्याची भीती, त्याचं तोंड मला. मला स्वतःला काही नव्हतं, म्हणून मी प्रत्येकाचा होतो.

मोठ्यांचं मात्र समाधान होईना. "पण तो येतो कशाला? त्याला हवंय तरी काय?" एका रविवारी एका मुलाचे वडील थोरलीला म्हणाले, "बाई, तुम्ही पोरांना आंधळा द्वेष शिकवताय. तो असा का झाला, ते नको का सांगायला?"

हे थोरलीच्या मनाला लागलं. जन्मतः कुणी वाईट नसतं, हे तिचं मनापासूनचं मत. आणि एकदा डोक्यात आलं की तिला धीर कुठला! आठवडा व्हायच्या आत नवा प्रवेश लिहून तयार. त्यात मी लहान होतो. बाप मला पट्ट्यानं मारायचा, थंडीत दाराबाहेर उभा करायचा. म्हणून मोठा झाल्यावर मी दारोदार फिरत होतो. कुणीतरी आत घ्यावं, एवढंच मला हवं होतं.

धाकटीनं कागद वाचून बाजूला ठेवला. "मग पोरं दार उघडायला सांगतील."

"सांगू देत की! कारण कळलं म्हणजे माफ केलं असं थोडंच असतं?"

"तुझ्या डोक्यात नसतं, ताई. सहा वर्षांच्या डोक्यात असतं."

"प्रत्येक गोष्ट तू तुझ्या घरावर का नेतेस गं?"

थोरलीनं लगेच जीभ चावली, पण शब्द बाहेर पडले होते. धाकटीनं रंग घेतले आणि मला मांडीवर घेऊन बसली. दोन मोठे ओले डोळे काढता काढता माझ्याशी पुटपुटली, "नवऱ्याचं बालपण ऐकतच मी इतकी वर्षं काढली रे. हात उचलून झाला की बसायचा बापाची गोष्ट सांगत. गोष्ट खरी होती. रडायचाही खरा. आणि मग पुन्हा तेच."

थोरली शेजारच्याच खोलीत होती. तिला हे कुणीच सांगितलं नाही. मी सांगितलं असतं, पण आमचे आवाज तीच काढायची.

नवा खेळ रंगला. पोरं मुसमुसली. "उघड! उघड ना त्याला दार!" असा एकच गलका झाला. दार उघडलं, छोटीनं मला मिठी मारली, आईबाप डोळे पुसत टाळ्या वाजवत राहिले. यावेळी मला पिशवीत टाकलं नाही. पिल्लूनं येऊन माझ्या टकलाचा मुका घेतला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! धाकटीचा हात मात्र त्या दिवशी माझ्या आत थंडगार होता.

त्यानंतरची एक दुपार. थोरली रंग आणायला गेली होती, धाकटी स्वयंपाकघरात बाहुल्यांच्या लगद्यासाठी खळ शिजवत होती. मी बाहेरच्या खोलीत खुंटीवर. दारावर थाप पडली.

"पिल्लू, उघड ना. मी आहे, बाबा."

पिल्लूनं स्टूल ओढलं. कडीला हात लावला आणि थांबली. मग दाराला तोंड लावून विचारलं, "बाबा, लहानपणी तुम्हाला कुणी मारायचं का हो?"

बाहेरून भरल्या आवाजात उत्तर आलं, "हो गं राणी."

कडी निघाली.

धाकटी खळीच्या हातांनी धावत आली, तोवर तो जमिनीवर बसून रडत होता आणि पिल्लू फ्रॉकनं त्याचं तोंड पुसत होती. "आई, यांनापण बाहेर उभं करायचे गं!" असं म्हणून तिनं आईकडे पाहिलं. त्या नजरेत आता बाबाला बाहेर उभं करणारी आईच होती. ती नजर धाकटीला झेपली नाही. नवऱ्याला ती कितीदाही नाही म्हणाली असती, लेकीला म्हणवेना.

त्याच आठवड्यात नवऱ्याकडे परत जायला तिनं बॅग भरली. जाताना तिनं बहिणीला सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, चार वाक्यांत. थोरली तिचा हात सोडेना.

"नको जाऊस. अगं, ते नाटक होतं!"

"मला माहीत आहे, ताई. ते तिला सांग."

आमचे खेळ बंद पडले. आज दुपारी थोरलीनं मला टेबलावर घेतलं आणि पॉलिशपेपरनं माझे डोळे घासायला सुरुवात केली. एक डोळा गेला, तोच फोन वाजला. तिनं रंग लागलेल्या बोटानं स्पीकर लावला.

"मावशी, मी बोलतेय. हळू बोल हं."

"बोल गं पिल्लू."

"दाराबाहेरचा आत येतो ना... मग तो परत पहिल्यासारखा वागला तर? पुढे काय होतं?"

थोरलीच्या हातातला पॉलिशपेपर गळला. पुढचं तिनं लिहिलंच नव्हतं. मिठी मारली की पडदा पाडला होता.

"आई कुठे आहे?"

"झोपलीये. उठवलं तरी उठत नाहीये."

"आणि बाबा?"

"बाहेर गेलेत."

"तू तिच्याजवळ बस. मी डॉक्टरांना घेऊन निघाले. फोन ठेवू नकोस, बोलत राहा माझ्याशी." चपला घालायचंही भान न राहता, फोन कानाशी धरून ती जिन्यावरून धावत गेली.

गोष्टी लिहिणाऱ्यांनो, हवं तर द्या आम्हाला बालपण. पट्टा द्या, थंडी द्या, आमच्यासाठी रडा. पण तिथेच लेखणी खाली ठेवू नका. आत घेतलेल्या माणसाबरोबर त्या घरातल्यांना रोज राहायचं असतं. तेवढं लिहायची हिंमत नसेल, तर आम्हाला कोरंच राहू द्या.

माझा एक डोळा अजून शाबूत आहे. त्यानं मी खिडकीतून रस्त्याकडे बघतोय. थोरली एकटी परत येते की तिघी, तेवढं बघू दे. मग हाही पुसा.