घुमारा

डग्ग्याची पिशवी ह्यांनी दाराशी आणून ठेवली, शेजारी तबल्याची ठेवली आणि म्हणाले, "चारला समर येतोय न्यायला. मी झोपलेलो असलो तर तू दे."

दुपारी चारला हा माणूस जन्मात कधी झोपला नाही. स्वतःच्या हातानं द्यायचं जिवावर आलं होतं, दुसरं काय! समर आमच्या मिल्टन कीन्सच्या भजन मंडळातला, चांगला मुलगा. तबला त्याच्या घरी सुखात राहिला असता. तरी मी रागारागात वरणाची फोडणी जाळली.

ह्या सगळ्याला कारण ते काडेपेटीएवढं यंत्र. आमची तनू इथेच, इंग्लंडात जन्मलेली, इथेच नोकरीला. तिनं ह्यांच्या वाढदिवसाला हौसेनं एक छोटा म्युझिक प्लेअर आणला आणि त्यात आमच्या जुन्या कॅसेट भरून दिल्या. उल्हासभाऊजींच्या कॅसेट. हे बस चालवायचे तेव्हापासूनचे ते ह्यांचे मित्र. शुक्रवारी संध्याकाळी आमच्या पुढच्या खोलीत बसून भाऊजी गायचे, हे साथ करायचे, आणि मधे कॅसेटचा डेक रेकॉर्डिंगला लावलेला असायचा. भाऊजी गेल्या वर्षी गेले. आता राहिलंय ते त्या कॅसेटमध्येच.

तर पहिल्याच दिवशी ह्यांनी इअरफोन लावले आणि चेहरा पडला. "डग्गा ऐकू येत नाही गं," म्हणाले. "माझे सगळे धा ता झालेत."

तबला-डग्गा दोन्ही एकदम वाजले की होतो धा. डग्ग्याचा घुमारा काढून घेतला की उरतो नुसता कोरडा ता. एवढं मला इतक्या वर्षांत ऐकून ऐकून कळायला लागलंय. मी म्हटलं, अहो, समोर खरा डग्गा आहे, त्यावर थाप मारून बघा की. मारली. मान तिरकी करून बसले आणि म्हणाले, हाताला कळतंय, पण कानाला कळतंय की हाताचंच ऐकतोय, ते कसं सांगू? पुढे कान तपासायला नेलं. तिथल्या मुलीनं गोड शब्दांत सांगितलं की वयाच्या मानानं थोडं कमी आहे, काळजीचं काही नाही. ह्यांनी त्यातलं 'कमी' तेवढं उचललं. बसच्या इंजिनानं कान खाल्ला, असं स्वतःच ठरवून मोकळे झाले.

तनूनं प्रयत्न केला नाही असं नाही. प्लेअरमध्ये इक्वलायझर असतो म्हणे, आवाजाच्या उभ्या रेघा, वरखाली सरकवायच्या. एका रविवारी ती ह्यांच्या शेजारी बसून सरकवत होती. मी आत पोळ्या लाटत होते. बाहेरून ह्यांचा आवाज आला, "बास! बास!" इअरफोन घालून माणूस मोठ्यानंच बोलतो. मला वाटलं, कंटाळले. थोड्या वेळानं पुन्हा, "बास, बास!" मग म्हणाले, राहू दे, यंत्राचा काय दोष. ह्यांचा स्वभावच तसा. दोनदा सांगून झालं नाही की तिसऱ्यांदा तोंड उघडायचं नाही.

आणि आज तबला निघाला होता.

तनू जेवायला आली. दारातल्या पिशव्या ओलांडून आत आली. हे मान खाली घालून भात कालवत होते. मी तनूच्या ताटात वरण वाढायला घेतलं तशी तिनं नेहमीसारखा ताटावर आडवा हात धरला.

"बास, आई, बास."

माझी पळी तिथेच थांबली. अगदी तिथेच.

"तनू," मी म्हटलं, "त्या दिवशी बाबा बास बास म्हणाले, तेव्हा तू काय केलंस?"

"स्टॉप केला. बाबांनी इनफ म्हटला ना."

ह्यांनी मान वर केली. "मी इनफ कशाला म्हणू? मी बास म्हणत होतो. बास! डेकवर असायचं ते बटण, घुमारा वाढवायचं. बी-ए-डबल-एस."

"बाबा, ते बेस आहे," तनू म्हणाली. मग तिनं तोंडावर हात धरला. "ओ माय गॉड. म्हणजे तुम्ही मोअर म्हणत होते आणि मी स्टॉप करत होते?"

नागपुरात पहिला डेक घेतला तेव्हा ह्यांनी त्यावरचं अक्षर न् अक्षर लावून वाचलं होतं, बास. इथे आल्यावर बस डेपोतली माणसं हसायची, इंग्रजीत बास म्हणजे मासा रे मुरली. ह्यांनी काही उच्चार बदलला नाही. हट्टी मेला माणूस!

तनूनं प्लेअर काढला. जुन्या कॅसेटची घरघर जावी म्हणून डावीकडची पहिली, त्याच बासची रेघ तिनं आधीच पार खाली नेलेली होती, आणि ती वर न्यायला लागली की हे बास म्हणायचे आणि तनू थांबायची. ह्यांचा उजवा हात वरणभाताचा, म्हणून इअरफोन मी ह्यांच्या कानात घातले. तनूनं रेघ थेट टोकाला नेली. हे दचकले, आवाज फाटतोय म्हणाले. मग तिनं ती जराशी उतरवली आणि बाकीच्या रेघा थोड्या खाली घेतल्या.

"आता?"

ह्यांचा डावा हात टेबलावर आपसूक चालायला लागला. बोटं पडली, मनगट घासलं, पुन्हा बोटं पडली.

"धा," हे म्हणाले. "धा आहे गं." आणि उष्ट्या हातानं तसेच रडले. माझा जीव भांड्यात पडला. कान शाबूत होता, माणूस शाबूत होता. तनू रडत हसत होती आणि माझा चूक, माझा चूक म्हणत होती. 'माझी चूक' गं बाई, असं आज मी तिला म्हटलं नाही.

हात धुऊन ह्यांनी समरला फोन केला. ये म्हणाले, पण पेटी घेऊन ये, बसू या. पिशव्या मीच उचलून पुढच्या खोलीत नेल्या.

मग ह्यांनी एक इअरफोन माझ्या कानात दिला. भाऊजींचा अभंग संपत आला होता. खाली ह्यांचा डग्गा घुमत होता, तरुण, जरा जास्तच उत्साही. शेवटची थाप पडली, कोणीतरी खोकलं, आणि भाऊजींचा आवाज आला, अगदी आमच्या पुढच्या खोलीतला.

"बास रे मुरली. वहिनी, चहा टाका."

मी उठले आणि आधण ठेवलं.