ईरम्माची ओटी

"सोड पदर," नागूबाई म्हणाली आणि तिनं जमिनीवर गोणपाट पसरलं.

ईरम्मानं ओटीवरचा हात घट्ट केला. दुसऱ्या हातावर तान्हं लेकरू झोपलेलं होतं. तिची आई सिद्धव्वा झटक्यात दोघींच्या मधे आली.

"ओटी हाय ती. पोरगी सासरी जायलीय. ओटीची झडती कधी कुणी घेतलीय का?"

निंबर्ग्याच्या शिवेवरचा हा नाका. अलीकडं हैदराबाद, पलीकडं मुंबई इलाखा. मधे एक आडवा बांबू, एक तराजू आणि परवान्याशिवाय दाणा पलीकडं जाऊ द्यायचा नाही असा हुकूम. निजाम गेला, रझाकार गेले, नाका मात्र जिथल्या तिथं. लेव्हीवाले घरात शिरून जवारी मापून न्यायचे, तीही सरकार म्हणेल त्या भावानं. उरलेली कुठं विकायची हेही सरकारच सांगणार. पेरताना, पाखरं राखताना, खळ्यावर मळताना यातलं कुणी बांधावर फिरकलं नव्हतं. हे आठवलं की सिद्धव्वाच्या तळपायाची आग मस्तकात जाई, आणि खोटं कशाला सांगा, त्या रागात काही चूक नव्हती.

पण त्या रागावर तिनं तोड काढली ती भलतीच. बाईच्या ओटीला शिपाई हात लावत नाही, हे तिनं हेरलं. मग गल्लीतल्या एकेकीच्या पदरात जवारी, वर नारळ, हळकुंड, कपाळभर कुंकू, आणि बाई निघाली सासरी. अक्कलकोटच्या बाजारात ओटी रिकामी व्हायची आणि दिवस कलताना सासुरवाशीण आडवाटेनं घरी परतायची.

सिद्धव्वा स्वतः नाक्यापर्यंत सोबत येई. डोळ्यांना पदर लावून सांगे, "माझी लेक, ईरम्मा. बाळंत होऊन सासरी जायलीय." खरी ईरम्मा तेव्हा घरात बाजेवर शेक घेत पडलेली असायची. दोन लेकरं जाऊन हे तिसरं तिच्या हाती लागलं होतं. सिद्धव्वा तेही उचलायची आणि जी बाई त्या दिवशी ईरम्मा झाली असेल तिच्या काखेत द्यायची. ईरम्मा नको म्हणायची, पण ऐकतंय कोण? लेकरू दिसलं की शिपाई बांबू पटकन वर करी.

आज खरी ईरम्मा निघाली होती. सासूनं निरोप धाडला होता, दोनदा माहेरून रिकामी आलीस, यंदा भरल्या ओटीनं उंबरा ओलांड. ओटीत दाणे दिसले नाहीत तर ती म्हातारी काय बोलेल आणि किती दिवस बोलेल, हे मायलेकींना ठाऊक होतं.

जमादार तराजूमागून उठून आला. लेकराच्या गालावरची जन्मापासूनची तांबडी लास बघून तो हसला.

"ह्याला मी वळखतो. तीनदा सासरी गेलंय हे. दर खेपंला आई तेवढी नवी."

"जमादारसाब, ही खरी हाय."

"कोन, ईरम्मा? ईरम्मा तर परवाच गेली की."

"लेकराची शप्पथ."

"ती परवाबी घेतलीस, आक्का. म्हनून तर सरकारनं आता झडतीला बाई ठेवलीय."

ती बाई म्हणजे नागूबाई. शेजारच्या वाडीची विधवा, आजच कामावर लागलेली. ईरम्माच्या लग्नात ती कौतुकानं ओटी भरायला पुढं आली होती. तेव्हा सिद्धव्वानं चारचौघींत सुनावलं होतं, "तू मागं सर, नागूबाई. पोरीचं चांगलं बघवना का तुला?" नागूबाई त्या मांडवातून न जेवता गेली होती.

"घे, काढ दाणे," सिद्धव्वा दातओठ खात म्हणाली. "तुझा हात लागायचा तेवढा राहिला व्हता."

नागूबाईनं दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"मी न्हाई लावनार. माझा हात ओटीला चालत न्हाई, तूच म्हनलीस. तू भरलीस, तूच रिकामी कर."

"अन् न्हाई केली तर?"

"तर आळंदच्या कचेरीत चला," जमादार म्हणाला. "लेकरासकट."

सिद्धव्वा खाली बसली. सकाळी तिनंच मारलेली गाठ तिला सुटेना. शेवटी सुटली आणि जवारी गोणपाटावर पडली. पदराच्या घडीत अडकलेले दाणेसुद्धा जमादारानं झटकायला लावले. ईरम्मा समोरच्या रस्त्याकडं बघत उभी होती.

"हळू, अव्वा. लेकरू उठंल," एवढंच ती म्हणाली.

"नारळ म्हंजे काय धान्य न्हाई," नागूबाई म्हणाली. "तो ठेव तिला."

जमादार गोणपाट उचलून तराजूकडं गेला. त्याची पाठ वळल्यावर नागूबाईनं आवाज खाली आणला.

"पोरी, निघताना उंबऱ्यापाशी पाच दाणे टाकलीस का?"

"टाकले की."

सासरी निघालेली लेक ओटीतले पाच दाणे मागं ठेवून जाते, माहेर भरलेलं राहावं म्हणून.

"मग सिद्धव्वा, जा, तेवढे घेऊन ये. पाच दान्याला तराजू लागत न्हाई अन् मला दिसनारबी न्हाईत. पोरीच्या ओटीतलं कायतरी तिच्यासंगं जाऊ दे."

सिद्धव्वा उठली आणि भरभर चालू लागली. घर तिथून दिसत होतं. थोडं पुढं गेल्यावर तिची चाल मंदावली, मग ती थांबलीच.

सकाळी ईरम्माची पाठ वळताच तिनं ते पाच दाणे चिमटीनं उचलले होते आणि सवयीनं कोपऱ्यातल्या पोत्यात टाकले होते. उद्या गल्लीतल्या बसव्वाला ईरम्मा करून धाडायचं होतं. पोत्यात हात घालून मूठभर आणता आले असते, पण त्यातले लेकीचे कोणते हे तिलाही सांगता आलं नसतं. खरी ईरम्मा समोर उभी असताना आणखी एक खोटी ओटी भरायला तिचा पाय उचलेना.

"कामून थांबलीस, अव्वा?"

सिद्धव्वा बांधावर बसली. तिनं लेकीकडं बघितलं नाही.

ईरम्माला आईचं घर ठाऊक होतं, घरातलं पोतंही ठाऊक होतं.

"पोत्यात टाकलेस व्हय," ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली.

मग गोणपाटाच्या जागी उरलेला नारळ तिनं उचलला. दोन पावलं आईच्या दिशेनं गेली, आणि वळली. लेकरू खांद्यावर घेऊन तिनं मोकळ्या हातानं पदर पसरला आणि नारळ नागूबाईपुढं धरला.

"मावशी, तू घाल ओटीत."

नागूबाई एक पाऊल मागं सरकली. तिनं बांधावरच्या सिद्धव्वाकडं बघितलं. सिद्धव्वा नको म्हणाली नाही. तेव्हा नागूबाईनं पाठीमागचे हात पुढं आणले, लुगड्याला पुसले आणि नारळ घेतला.