न कापलेली प्रत

काकांना छायाचित्रांच्या प्रदर्शनांचे कॅटलॉग जमवायचा नाद होता. कॅटलॉग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पंखे आणि शिलाई मशीन येत. म्हणून काका प्रत्येकाला पहिल्यापासून समजावून सांगायचे, आणि सांगताना कधी कंटाळायचे नाहीत. कुठंतरी फोटोंचं प्रदर्शन भरतं. त्यासाठी एक पातळसं पुस्तक छापतात. बघायला आलेली माणसं त्यानं वारा घेतात आणि जाताना खुर्चीवर विसरतात. मग फोटो भिंतीवरून उतरतात, कुठल्या कुठे जातात. कुठल्या फोटोशेजारी कुठला फोटो होता, हे फक्त त्या विसरलेल्या पुस्तकाला ठाऊक असतं.

“आणि ते पुस्तक आमच्या घरी येतं,” काकू पुढचं वाक्य पूर्ण करायच्या. “पाहुण्यांना टेकायला जागा नाही, पण कॅटलॉगांना हवेशीर खोली आहे!”

काका नगरपालिकेत नकाशे काढण्यात केस पांढरे करून निवृत्त झाले होते. हात अजून स्थिर होता आणि कपाटं नकाशासारखीच नीटनेटकी होती. त्या सगळ्या कपाटांत एक कॅटलॉग त्यांच्या जिवापलीकडचा. एका फ्रेमवाल्या मित्राला तो जुन्या फ्रेमच्या पाठीमागे आधाराला कोंबलेला सापडला होता. त्या प्रदर्शनाचं नशीबच खोटं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दालनात पाणी शिरलं, फोटो भिजले, पुस्तकांच्या गठ्ठ्यांचा लगदा झाला आणि प्रदर्शन भरलंच नाही. छापखान्यानं नमुना म्हणून आधी पाठवलेली एवढी एक प्रत वाचली.

नमुन्याची असल्यामुळं तिची पानं कापायची राहून गेली होती. मोठा कागद छापतात, त्याच्या घड्या घालतात, शिवतात आणि शेवटी कडा कापतात, तेव्हा पानं सुटी होतात. इथं बाजूच्या कडा तशाच जोडलेल्या, फक्त वरून फट उघडी. त्यामुळं दर दोन पानांचा एक बंद खिसा झाला होता आणि प्रत्येक खिशाच्या पोटात एक फोटो होता. काका वरून टॉर्च मारायचे, एक डोळा मिटायचे आणि विहिरीत डोकावल्यासारखं आत बघायचे. कधी खांदा दिसे, कधी खिडकीचा कोपरा.

“पुस्तक आहे की बिळात शिरलेला उंदीर?” काकू विचारायच्या.

“अगं, न कापलेली प्रत आहे म्हणून तर मोलाची. एकदा सुरी लागली की झाली चारचौघींसारखी.”

संग्रहालयाच्या बाईंचंही तेच मत होतं. दुर्मीळ पुस्तकांच्या दालनात त्यांना ही प्रत काचेखाली मांडायची होती. “कुणीही न उघडलेली, हीच तर हिची शान आहे, काका,” त्या म्हणाल्या होत्या. काका तेव्हापासून जमिनीपासून वीतभर वरून चालत होते.

प्रत संग्रहालयात जाण्याआधी वाचनालयात काकांचं छोटंसं भाषण झालं. त्यांनी ही प्रत हातमोजे घालून सर्वांना दाखवली, मागच्या पानावरची फोटोंची नावंही वाचून दाखवली. दुसऱ्याच दिवशी दुपारी दारात एक बाई उभ्या राहिल्या. डोळ्यांच्या दवाखान्यात परिचारिका होत्या. अंगावर कामावरचीच पांढरी साडी होती, केस पिकायला लागले होते. आत या म्हटलं तरी पायपुसण्यावरच घुटमळत होत्या.

“काका, काल तुम्ही दोन नावं वाचलीत. ‘काचकारखाना: नळीवरचा कारागीर, एक’ आणि ‘दोन’.”

“वाचली की.”

“ते माझे वडील असावेत.”

काकूंनी त्यांना हाताला धरून आत आणलं आणि खुर्चीवरचा कॅटलॉगांचा ढीग जमिनीवर ठेवला. काकांनी तो स्वतःच भिंतीशी सरकवला.

मग बाईंनी सगळं सांगितलं. वडील काचेच्या कारखान्यात नळी फुंकून तापलेल्या काचेची भांडी घडवायचे. एक फोटोवाला आला आणि त्यांचे फोटो काढून गेला. पुढं महिन्याभरातच भट्टीजवळ अपघात झाला, त्यात ते गेले. बाई तेव्हा पाळण्यात. घरात वडिलांचा एकही फोटो नव्हता. प्रदर्शनाचं कळल्यावर आई बाईंना काखेत घेऊन दालनापर्यंत चालत गेली, तर दाराला कुलूप आणि आत चिखल.

“आई सांगायची, तुझे बाबा दिसायला बरे होते. बरे म्हणजे कसे, ते तिला सांगता यायचं नाही. आता तीही नाही. मला फक्त एकदा बघायचंय. फाडू नका हं, काका. फटीतून दिसलं तरी चालेल.”

काकांनी टॉर्च आणला. काकूंचा छोटा आरसा आणला. बाईंनी एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा मिटून पाहिलं. नळीचं टोक दिसलं, एक कोपर दिसलं. चेहरा घडीच्या आत, अगदी खोल बसला होता.

“कोपर छान आहे,” बाई हसून म्हणाल्या आणि पर्स आवरू लागल्या. “येते मी. फार त्रास दिला तुम्हाला.”

काका उठले. टेबलाच्या खणातून त्यांनी लाकडी सुरी काढली. कागदाची घडी उघडायला सुरी बोथटच लागते, कारण बोथट सुरी घडीच्या वाटेनं जाते आणि धारदार सुरी मनाला येईल तिकडं. काकांनी ती घडीत घातली.

“अहो,” काकू हळूच म्हणाल्या, “संग्रहालयाच्या बाई?”

“त्यांचे वडील आहेत का आत?”

कर्रर्र असा बारीक आवाज झाला आणि खिसा उघडला.

फोटोत एक उघड्या अंगाचा माणूस नळी तोंडाला लावून उभा होता. टोकाला काचेचा तापलेला गोळा. आणि त्या माणसाचे गाल! गोळ्याएवढेच फुगलेले, टम्म. डोळे घट्ट मिटलेले, कपाळावर शिरांचं जाळं. हा माणूस एरवी कसा दिसत असेल, ते ओळखायची सोयच नव्हती.

बाईंनी फोटोवर झुकून पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग खुदकन हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

“आई म्हणायची, बरे होते. हे तर बेडूकच झालेत हो!” त्यांनी पदरानं डोळे पुसले. “पण पुष्कळ झालं, काका. माझ्यासाठी तुम्ही एवढी जपलेली वस्तू कापलीत. मी जन्मभर विसरणार नाही.”

त्या खरंच उठल्या. आणखी मागायचं त्यांच्या मनातही नव्हतं, निदान चेहऱ्यावर तरी नव्हतं. काका मात्र पुढच्या बंद खिशाकडं बघत राहिले. पहिली घडी त्यांनी कुणाच्या तरी इच्छेखातर कापली होती. आता त्यांनाच राहवेना. इतकी वर्षं हा माणूस त्यांच्या कपाटात श्वास कोंडून उभा होता!

“बसा हो ताई. नावात ‘दोन’ असं उगाच छापलेलं नाही,” ते म्हणाले आणि कुणी काही बोलायच्या आत त्यांनी दुसरी घडी उघडली.

नळी खाली आली होती. गाल जागेवर बसले होते. घामानं निथळलेला तो तरुण थेट समोर बघत होता. फोटोवाल्यानं काहीतरी विनोद केला असावा, कारण एक भुवई वर गेली होती आणि हसू ओठांच्या एका कोपऱ्यातून निसटत होतं. उजव्या कानाची पाळी जराशी पुढं आलेली.

बाईंनी पुस्तक जवळ ओढून घेतलं. काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला होता. काकांनी घड्याळाकडं बघायचं टाळलं.

“बरे होते,” शेवटी बाई म्हणाल्या. “चांगलेच बरे होते.”

“बरे कसले, देखणे होते!” काकूंनी ठणकावलं. “तुमच्या आईनं उगाच हात राखून सांगितलं.”

बाई मोठ्यानं हसल्या. मोबाइलनं फोटो काढताना त्यांनी दोनदा माफी मागितली. मग काकांकडं वळून हात जोडले.

“अहो, हे काय?” काका गडबडले. “मी हे पुस्तक इतकं जपलं आणि आत कोण आहे ते मला तुमच्यामुळं कळलं. आभार मीच मानायला हवेत. संग्रहालयाला मी उद्या फोन करतो. त्यांना उघडी प्रत हवी असेल तर हेच पान उघडून ठेवा म्हणून सांगतो. नको असेल तर ती इथं आहेच. तुम्ही कधीही या.”

“न सांगता या,” काकू म्हणाल्या. “खुर्ची आता रिकामीच ठेवते.”

बाईंनी मान हलवली. मग त्यांनी बोटाच्या टोकानं एक पान अलगद मागं उलटलं आणि पहिल्या फोटोवर, त्या फुगलेल्या गालांवर, पुन्हा झुकल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

“आता ओळखू येतायत,” त्या म्हणाल्या. “हा बघा कान.”