दाब उतरेपर्यंत

हात जोडायला मला हात नाहीत, नुसतं एक जड झाकण आहे. तेव्हा नमस्कार न करताच सुरुवात करतो. मी दवाखान्यातली औजारं वाफेनं निर्जंतुक करणारं यंत्र. कागदोपत्री माझं नाव ऑटोक्लेव्ह. गोपिकाबाई सिस्टर मात्र मला 'वाफारा' म्हणायच्या, आणि मला तेच नाव आवडतं.

सध्या मी परतूरजवळच्या एका आरोग्य केंद्राच्या अडगळीच्या खोलीत उभा आहे. शेजारी तीन पायांची खाट आणि मोडका वजनकाटा. इथं वेळ भरपूर आहे, आणि आठवणी त्याहून जास्त.

मला रामकिसन मिस्त्रींनी घडवलं. परतूरचेच ते. विमानदलात वीस वर्षं नोकरी करून परत आल्ते. मोठ्या मालवाहू विमानांच्या आतल्या हवेचा दाब सांभाळायचा, हे त्यांचं काम. गावात येऊन त्यांनी वेल्डिंगचं दुकान टाकलं. लोक नांगर, ट्रॉल्या, खिडक्यांच्या जाळ्या आणायचे. ते मनापासून करायचे, पण काम करता करता विमानांच्या गोष्टी सांगायचे.

एकदा ते आईच्या पायाची पट्टी बदलायला या केंद्रात आल्ते. पट्टी बांधणाऱ्या गोपिकाबाई सिस्टरच्याच उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी होती.

"तुमच्या हाताला काय झालं?" त्यांनी विचारलं.

"वाफेनं भाजलं. औजारं उकळायच्या डब्यातला दाब गेला असं वाटलं, झाकण उघडलं, अन् सगळी वाफ हातावर. तोंड बाजूला होतं म्हणून वाचलं."

"दाब असताना झाकण उघडलंच कसं?"

"नट फिरवले की उघडतंय की."

गोपिकाबाई पुढं सांगायच्या, की आईला रिक्षात बसवून मिस्त्री पुन्हा आत आले आणि म्हणाले, "सिस्टर, विमानात आत दाब असंल तर माणसानं कितीबी जोर लावू द्या, दार उघडत न्हाई. मंग तुमच्या डब्यालाच काऊन उघडू द्यायचं?"

तिथं माझा जन्म ठरला.

चार महिने लागले. माझं पोट जाड स्टीलच्या पत्र्याचं, स्टोव्हवर तापणारं. खरी करामत झाकणात. तिथं बोटाएवढा एक दट्ट्या आहे. आत वाफ भरली की ती दट्ट्याला वर ढकलते, आणि तो झाकणाच्या दांड्यातल्या खाचेत जाऊन बसतो. दाब उतरला की स्प्रिंग त्याला खाली ओढते. बस, एवढंच. पहिला दट्ट्या अडकला. दुसरा गळला. तिसरा तापल्यावर फुगून बसला, तेव्हा मिस्त्रींनी पान्हा फेकून दिला आणि दोन दिवस दुकान उघडलं नाही. सातवा बराबर बसला. त्यांनी मला पाण्यानं भरून पंपानं दाब दिला, दांड्याला लोंबकळून पाहिलं. झाकण हललं नाही. मग एकटेच हसत बसले.

२००४ च्या उन्हाळ्यात मी केंद्रात आलो. तिथले डॉक्टर राधेश्याम झंवर तेव्हा तरुण होते, आणि फार घाईचे. माझं त्यांचं जमायचं नाही. "हे यंत्र आहे की सासू? प्रत्येक गोष्टीला थांब म्हणतं!" असं ते म्हणायचे. गोपिकाबाई हसून दट्ट्याकडं बोट दाखवायच्या. तो खाली गेला की 'टक' असा आवाज यायचा. तो आवाज ऐकल्याशिवाय त्या दांड्याला हात लावत नसत.

माणसांची एक सवय मी तिथं पाहिली. रांगेत अर्धा दिवस काढतील, पण शेवटची दोन मिनिटं त्यांना सोसत नाहीत.

तीन वर्षांनी तो दिवस आला. सकाळचे अकरा वाजले असतील. नंदाबाई नावाची बाई बाळंत झाली. मुलगी झाली, बाळ ठणठणीत रडलं. पण बाईला आतून मोठी जखम झाली होती. रक्त थांबेना, लगेच टाके घालायला हवे होते. औजारांचा एक संच पहाटेच्या बाळंतपणात वापरलेला, धुवायला पडलेला. दुसरा माझ्या पोटात.

वाफ सोडायची नळी उघडून झाली होती, तिच्यातून वाफ यायची थांबली होती. दाबाचा काटा शून्यावर होता. पण दट्ट्या वरच.

डॉक्टरांनी दांडा ओढला. मी उघडलो नाही. दोन्ही हातांनी ओढला. नाही.

"काटा शून्यावर आहे, हा दट्ट्या अडकलाय! सांडू, जीपमधला टॉमी आण!"

सांडू ड्रायव्हर टॉमी, म्हणजे चाक खोलायची लोखंडी पहार, घेऊन धावत आला. इतक्यात बाळंतपणाच्या खोलीतून गोपिकाबाईंचा आवाज आला. त्या नंदाबाईच्या जखमेवर कापसाची घडी दाबून उभ्या होत्या, त्यांना हलता येत नव्हतं.

"साहेब, तोडू नका! काटा खोटं बोलत असंल. मिस्त्रीला फोन लावा!"

"पेशंटचं रक्त चाललंय, सिस्टर!"

"मी दाबून धरलंय. मी हात काढणार न्हाई. तुम्ही फोन लावा!"

त्या क्षणाबद्दल मला आजही नीट बोलता येत नाही. दाराच्या पलीकडं एक बाई पांढरी पडत चालली होती, आणि तिला लागणारी औजारं मी पोटात धरून बसलो होतो. मी कुणाला वाचवत होतो की कुणाचा जीव घेत होतो? माझ्यात खरंच वाफ होती का, की घडवणाऱ्याचंच काही चुकलं होतं? मला ठाऊक नव्हतं. मला फक्त घट्ट धरून राहणं ठाऊक होतं.

सांडूनं फोन लावून डॉक्टरांच्या कानाशी धरला. पलीकडून मिस्त्रींचा आवाज इतका मोठा होता की मलाही ऐकू आला.

"दट्ट्या वर हाये ना? मंग आत वाफ हाये. टॉमी लावला तर झाकण तुमच्या तोंडावर येईल. स्टोव्ह बंद करा. ओली फडकी टाका अंगावर, गार पाणी ओतत ऱ्हा. दट्ट्या खाली बसला की उघडा, त्याच्या आधी बिलकुल न्हाई. मी निघालोच."

सांडूनं माठ ओतला. मग बादल्या आणल्या. नंदाबाईची सासूसुद्धा रडत रडत तांब्यानं पाणी टाकत होती. डॉक्टर दट्ट्याकडं टक लावून उभे. मिनिटं गेली.

टक.

डॉक्टरांनी दांडा ओढला, आणि मी उघडलो. राहिलेली वाफ छताकडं गेली. संच उचलून ते आत पळाले. पाऊण तासानं बाहेर आले तेव्हा नंदाबाईला सलाईन लागलं होतं आणि ती पाणी मागत होती. गोपिकाबाई बाकावर बसल्या. त्यांच्या हाताची बोटं सरळ होत नव्हती. डॉक्टर त्यांच्याजवळ जाऊन बसले. "माझं तोंड गेलं असतं आज," एवढंच म्हणाले.

मिस्त्री आले, मला खोललं. बोअरच्या पाण्याच्या क्षारानं वाफ सोडायची आणि काट्याची, दोन्ही नळ्या खडूसारख्या पांढऱ्या होऊन बुजल्या होत्या. सगळे त्यांचं कौतुक करत होते, पण ते खाली मान घालून बसले.

"नळ्या बारीक ठेवल्या, ती चूक माझी. ती बाई गेली असती तर?"

त्यांनी रुंद नळ्या बसवल्या, दर महिन्याला लिंबाचं सत्व घालून मला उकळायचं, हे गोपिकाबाईंना शिकवलं. तेव्हापासून मी कधी अडलो नाही.

डॉक्टरांच्या आग्रहावरून मिस्त्रींनी दट्ट्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यांची मुलगी प्रियदर्शनी हिनं सुबक चित्रं काढून दिली. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं, की असाच दट्ट्या परदेशात कुणीतरी फार पूर्वीच नोंदवला आहे. ते पत्र खिशात घेऊन मिस्त्री इथं आले. गोपिकाबाईंना वाईट वाटलं. मिस्त्री माझ्या झाकणावर हात ठेवून म्हणाले, "म्हंजे बराबर होतं की आपलं!"

त्यानंतर त्यांनी माझ्यासारखी आणखी पाच यंत्रं केली. दर दिवाळीनंतर ते मला तपासायला यायचे. मी तापत असताना माझ्या अंगाला कान लावायचे, जसा डॉक्टर छातीला लावतो. एका वर्षी ते आले नाहीत. प्रियदर्शनीचा फोन आला. गोपिकाबाईंनी डोळे पुसले आणि मला स्टोव्हवर चढवलं. त्या दिवशी ऑपरेशनचा कॅम्प होता. मी तीनदा तापलो.

दोन वर्षांपूर्वी विजेवर चालणारं नवं यंत्र आलं. दाब असला की ते लाल दिवा लावतं आणि दार बंद ठेवतं. मला हेवा वाटला नाही, बरं वाटलं. मग गोपिकाबाई निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी या खोलीत येऊन त्यांनी पदरानं माझ्यावरची धूळ पुसली.

परवा औषधं वाटणाऱ्या भावनाताई यादी घेऊन आल्या. माझ्यापुढं 'भंगार, एक नग' असं लिहिलं. गुरुवारी गाडी येणार, जालन्याला वितळवायला नेणार. भट्टीची मला भीती नाही, जन्मभर आगीवरच बसलोय. एकच मागणं आहे. नव्या शीतल सिस्टर तरुण आहेत, चपळ आहेत. त्यांना कुणीतरी सांगा, नव्या यंत्राच्या नळ्याही साफ करत जा. पाणी इथलं तेच आहे.

आणि गाडीत चढवताना माझं झाकण दोरीनं बांधून घ्या. बिजागरी सैल झालीय. वाटेत कुणाच्या पायावर पडायला नको.