हातभर आखूड दिवाण

मित्रांनो, मी एक जुना लाकडी दिवाण आहे. पूर्वी चांगला ऐसपैस होतो, आता हातभर आखूड आहे. पाहुणे मला पाहून विचारतात, "मुलांसाठी मुद्दाम छोटा करून घेतलात का?" घरातली माणसं नुसती हसतात. खरं काय झालं ते मलाच सांगावं लागणार.

मला एका सुताराने घडवलं, तेही स्वतःच्या मुलीसाठी. तिचा नवा संसार चौथ्या मजल्यावर होता, दोन खोल्या आणि एक लांबट गॅलरी. सुताराने माझ्या कडा पुन्हा पुन्हा घासल्या. "उद्या रांगणारं पोर येईल. त्याच्या कपाळाला लागायला नको," तो म्हणाला. पोर आलं, मुलगी. सारखं साखरेच्या डब्याभोवती घुटमळायचं म्हणून सगळे तिला मुंगी म्हणू लागले.

मुंगीचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. संध्याकाळी घरी आले की माझ्यावर आडवे होऊन पाय लांब करायचे आणि म्हणायचे, "दिवसभर लोकांना वर चढवलं, आता मला कोणी हलवू नका." आई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. ती माझ्या काठावर बसून चहा प्यायची. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते.

मुंगी बोलायला लागली ती अडखळतच. पहिलं अक्षर तिच्या ओठांवर अडायचं, मान ताठ व्हायची, डोळे घट्ट मिटायचे. मोठी झाली की सुटेल, असं सगळे म्हणाले. सुटलं नाही. जवळच्या शाळेत तिचं नाव घातलं, तर तिथे बाक कमी आणि मुलं जास्त. एकदा हजेरी चालू असताना तिचा "हजर" वेळेत बाहेर पडला नाही. बाई पुढच्या नावावर गेल्या. मुंगी वर्गात बसलेली होती आणि तिची गैरहजेरी लागली. त्या दिवशी ती घरी येऊन माझ्यावर पालथी पडली, ती जेवायलाही उठली नाही.

त्यानंतर आईच्या दुकानात एक गिऱ्हाईक आलं. बोलता बोलता तिला कळलं, की शहराच्या दुसऱ्या टोकाला एक शाळा आहे आणि तिथे अशा मुलांना शिकवायला वेगळ्या बाई आहेत. फी बेताची होती. अडचण एकच होती. त्या शाळेत त्याच वस्तीतल्या मुलांना प्रवेश मिळायचा आणि त्या शाळेपायीच तिथल्या घरांचे भाव आभाळाला भिडले होते.

तेव्हापासून घराची झोप उडाली. दर रविवारी दोघं घरं बघायला जायचे. परत आले की ते माझ्यावर ज्या तऱ्हेने टेकत, त्यावरून मला घर कसं होतं ते कळायचं. एका घरात उजेड भरपूर होता, पण किंमत ऐकून दोघं जिन्यातूनच परतले. दुसरं परवडत होतं. "पण खिडकी उघडली की नाला थेट स्वयंपाकघरात येतो," आई म्हणाली.

"हेच घर विकायचं, वर कर्ज काढायचं, आणि मिळणार काय, तर याच्या निम्मी जागा," बाबा म्हणाले. "हप्ता चुकला तर ती शाळा आपल्याला झोपायला वर्ग देणार आहे का?"

"घर पुढेही घेता येईल. तिचं वय थांबणार आहे का आपल्यासाठी?"

"आणि तिथेही नाही जमलं तर?"

आई चहाचा कप उचलून विसळायला गेली.

शेवटी एक घर ठरलं. त्याच्या भरवशावर बाबांनी आपलं घर विकायला काढलं आणि विसार घेतला. आता महिनाअखेरीला जागा खाली करणं भाग होतं. अशातच एजंटचा फोन आला. नव्या घराच्या मालकाने किंमत वाढवली होती. बाबांनी फोन ठेवून आईला ते सांगितलं. जुनं घर हातचं गेलं होतं आणि नवं हाती आलं नव्हतं.

मुंगी माझ्यावर झोपेचं सोंग घेऊन पडली होती. ती उठून बसली.

"मा... मा... माझ्यामुळे?"

"नाही गं राणी," आई म्हणाली खरी, पण हे म्हणायला तिलाही जरा वेळ लागला, आणि तो वेळ मुंगीच्या लक्षात आला.

पुढचे दिवस फार वाईट गेले. बाबा कामावरून सुटले की गल्ल्या पालथ्या घालायचे. अखेर त्या वस्तीत तळमजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर एवढं घर सापडलं. शेजारी छापखाना होता. दिवसभर भिंत थरथरायची, म्हणून तिथे कोणी टिकत नव्हतं आणि म्हणूनच ते यांना परवडलं.

मग बाबांनी माझं माप घेतलं. नव्या खोलीत मला ठेवलं तर दार उघडणार नव्हतं. भंगारवाला आला, त्याने माझ्यावर बोटाने टकटक केली आणि चहाच्या दोन कपांइतका भाव सांगितला. मित्रांनो, इतकी वर्षं पाठीवर एक घर पेलल्यावर आपली किंमत अशी ऐकायला लागली, की लाकडालाही लाज वाटते.

आईने तिच्या वडिलांना फोन केला. ते करवत घेऊन आले.

"बाबा, तुम्हीच केलेला दिवाण. तुम्हीच कापणार?" आईने त्यांना विचारलं.

"लाकूडच ते. ते आखूड झालं तर चालेल. पोरीचं शिक्षण आखूड व्हायला नको."

त्यांनी मला कापलं. दुखलं, खोटं कशाला सांगू? पण कापलेली कड त्यांनी पुन्हा पहिल्यासारखी घासली आणि मगच पाणी प्यायले.

आम्ही राहायला गेलो, तरी शाळेचा निरोप आलेला नव्हता. घर गेलं, कर्ज झालं, मी अर्धामुर्धा झालो, आणि प्रवेशच मिळाला नाही तर? बाबा माझ्यावर आडवे व्हायचे तेव्हा त्यांचे पाय आता अधांतरी लोंबायचे. ते तक्रार करत नसत, फक्त कूस बदलत राहत. वर्ग सुरू व्हायला चार दिवस उरले असताना शाळेतून बोलावणं आलं.

तिथल्या बाईंनी आईबाबांना एकच प्रश्न विचारला. "ती अडली की तुम्ही काय करता?"

"शब्द पुरवतो. तेवढीच तिला मदत," बाबा म्हणाले.

"पुरवू नका. थांबा."

घरी येऊन बाबांनी हे सासऱ्यांना फोनवर सांगितलं, तेव्हा प्रवेश मिळूनही त्यांचा चेहरा उतरलेला होता.

दोन महिने गेले. मुंगी शाळेत जायची, यायची आणि काही सांगायची नाही. आईबाबांची विचारायची हिंमत होत नव्हती. एका संध्याकाळी छापखाना बंद झाला होता आणि तिघं माझ्यावर ताटं घेऊन जेवत होती. मुंगी मध्येच थांबली.

"मला ही शा... शाळा आ... आ..."

बाबांचे ओठ उघडले आणि मिटले. "आवडते" हा शब्द त्यांच्या जिभेवर आला होता, तो त्यांनी घासाबरोबर गिळला. आईचा हात ताटाजवळ थांबला. मुंगीची मान ताठ झाली, पण डोळे उघडेच होते.

"आ... आवडत नाही."

बाबांनी हळूच ताट खाली ठेवलं. विकलेलं घर, कर्ज, सगळं त्या दोघांच्या डोळ्यांपुढून गेलं असणार.

"का गं?" आईने विचारलं आणि ती थांबून राहिली.

"म... मधली सुट्टी फार लहान आहे," मुंगी म्हणाली. "माझं बो... बोलणं पुरं होत नाही."

आईला हसू आलं आणि रडूही. बाबा उठून पाणी आणायला गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत.

मित्रांनो, मुंगी अजून अडखळते, हप्तेही अजून चालू आहेत. पण माझं एवढं ऐका. एखादी जुनी वस्तू जागेत मावत नसेल तर लगेच भंगारात काढू नका, थोडी कापून, घासून पाहा. आणि एखाद्याचं वाक्य अडलं तर ते त्याच्या तोंडून हिसकावून घेऊ नका. जेवण निवलं तरी चालेल.