पिवळ्याला नंबर नाही

भांगेच्या लागवडीला परवाना देणाऱ्या कचेरीतून पाहणीला आलेला मोहित त्यागी डोंगराखालच्या सपाट मुलखातला, सभ्य मुलगा होता. त्याच्या गळ्यात एक रंगपट्टी लोंबत होती. पट्टीवर हिरव्याच्या पाच छटा. भांगेचं पान पट्टीला लावायचं आणि जुळेल त्या छटेचा नंबर फॉर्मवर लिहायचा. खिमुली काखीच्या, म्हणजे माझ्या काकूच्या, शेतात त्याने एक पान लावलं, दुसरं लावलं, मग पट्टी उलटून पाहिली. मागे छापखान्याचा पत्ता होता.

"माताजी, हे पिवळं आहे."

"कार्तिक लागलाय," काखी म्हणाली.

"पिवळ्याला नंबर नाही."

"मग नको देऊस. मी कुठे मागितला?"

नंबर नाही म्हणजे पीक रोगट. रोगट म्हणजे उद्या पथक येणार, कापणार, जाळणार. तक्रार करायची सोय होती, पण निकालाला पंधरा दिवस लागत. काखीच्या त्या उतारावरच्या आठ पायऱ्यांच्या शेतात वर्षभराचं बी होतं आणि पोती विणायला लागणारा सगळा वाख. भांगेच्या दोऱ्याची पोती विणणारी गावात आता ती एकटीच उरली आहे. जळालं तर पुढच्या वर्षी पेरायलाही काही नाही.

मी तिचा पुतण्या, हयात. गावातले सगळे फॉर्म मीच भरतो, त्यामुळे मला कचेरीची बाजू लगेच कळते. "काखी, पानसिंग दाज्यूसारखा युरिया टाकला असतास तर..."

शेजारच्या पानसिंगदादाने आश्विनात दोन पोती युरिया ओतला होता. त्याचं शेत इतकं हिरवं होतं की त्यागीने त्याला पाचवा नंबर दिला आणि शेजारी उभं राहून फोटोही काढला.

"पानसिंग," काखीने हाक मारली, "तुझं एक कणीस आण रे."

पानसिंग ते घेऊन आला, अगदी बक्षीस घ्यायला आल्यासारखा. काखीने ते त्याच्याच तळहातावर चोळलं आणि फुंकर मारली. नुसता भुसा उडाला, तळहात रिकामा झाला. मग तिने स्वतःचं कणीस चोळलं, फुंकलं. करडं, ठिपक्यांचं बी जागेवर राहिलं.

"आता सांग पोरा, पान पिवळं का पडतं? शिकलायस ना?"

"नायट्रोजनची कमतरता," त्यागी म्हणाला.

"कमतरता कसली? मुळं आता थकली. म्हणून झाड खालच्या जुन्या पानांतलं जे काही आहे ते काढून वर बियांना देतं. खालची पानं आधी पिवळी, मग त्यावरची. बघ की वाकून."

त्यागी वाकला. खालची पिवळी होती, मधली पिवळट, शेंड्याची अजून हिरवी. "हे बरोबर आहे," तो म्हणाला, आणि फॉर्मवर 'रोगट' लिहिलं. "पण माताजी, पट्टी पाचच रंगांची आहे."

काखीने कमरेचा विळा काढला. त्यागी दोन पावलं मागे सरला.

"तुझ्यासाठी नाही रे. उद्या कापणार ना तुम्ही? मी आज कापते."

त्यागीने नियमांची पुस्तिका चाळली. रोगट पीक मालकिणीने कापू नये असं त्यात कुठेही नव्हतं. अंधार पडायच्या आत आम्ही अकरा जणांनी शेत साफ केलं. पानसिंगही आला, त्याच्या शेतात कापण्यासारखं काही नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पथक आलं. सहा माणसं, सहा विळे, घासलेटचा डबा. प्रमुख गुसाईं साहेबांनी धसकटं पाहिली.

"कोणी कापलं?"

"मी," काखी म्हणाली. ती घराच्या पाटीच्या दगडांच्या छपरावर, वाळत टाकलेल्या पेंढ्यांच्या ढिगावर बसली होती.

"ते आमचं काम होतं."

"झालं तुमचं काम. जाळायचं असेल तर जाळा. मी उठत नाही."

गुसाईंनी डब्याकडे पाहिलं, दगडांच्या छपराकडे पाहिलं, काखीकडे पाहिलं. मग मार्ग काढला: 'रोगट पीक मालकिणीने स्वतः नष्ट केले' असा कागद, खाली अंगठा, आणि सगळे आपापल्या घरी. मला फार आवडला. मी शाईचा पॅडसुद्धा आणला.

"हयात, वाच," काखी म्हणाली. मी वाचला.

"'नष्ट' राहू दे. त्यांनाही पोटं आहेत. 'रोगट' तेवढं खोडून टाक."

"'रोगट पीक' एवढं छापलेलंच येतं, आमा," गुसाईं म्हणाले.

"छापलेल्यावर पेन चालत नाही?"

"आजवर कोणी चालवलं नाही."

"मग मी बसलेय."

"काखी, एका शब्दासाठी..." मी म्हणालो.

"शब्द तुझा नाही, भांग तुझी नाही. गप बस."

दुपार झाली. पथकातल्या दोघांना रिकामं बसवेना, ते खाली अंगणात पेंढ्या झोडपू लागले. तिसऱ्याने आपली आई कसं पाखडते ते करून दाखवलं. गुसाईं बराच वेळ एकटे उभे होते. शेवटी शिडी चढून वर आले, काखीच्या बाजूला टेकले, कागद गुडघ्यावर ठेवला आणि तो शब्द खोडला. मग सही केली.

"वाच," काखी मला म्हणाली.

"पीक मालकिणीने स्वतः नष्ट केले."

काखीने अंगठा उठवला, पदराला पुसला.

"आता सरक," ती गुसाईंना म्हणाली, "तू बियांवर बसलायस."